निळां आगळ

आरोंदा, ३ मे २००४

वर्षाताय,

किशोरीचो नमस्कार. पत्र बघून दचका नुको, हंय कोण मराक नाय. फोनच केलो असतंय, पण फोन दुकानात. थंय मी काय बोललंय तां सांजेपर्यंत सगळी वाडी माकाच परत सांगता. माझी शाळा चौथीपर्यंत, चुकलां तर हसा नुको. तू ओरोसच्या हायस्कुलात सायन्स शिकवतंस आणि माझे सख्खे मावशेचां चेडू, म्हणान तुका इचारतंय.

आमच्याकडे सरकारी योजनेतलो संडास बांधून झालो. सासू अजून तेत जाणा नाय. म्हणता, इतकी बरी पांढरी खोली, तेत घाण कित्याक करूक होयी. तेत तिणां कांदे पसरून ठेवल्यान. तर शेवटच्या दिसा धोंडू गवंडी लाद्येवरचां सिमीट काढूक एक बाटली घेवन इलो. वतल्यान मात्र, फसफसून फेस, वर धूर, आणि असो वास की डोळ्यांत पाणी. अक्षदा माझ्या कडेर होती. मी पळालंय ती थेट माडाखाली जावन रवलंय.

धोंडू हसाक लागलो. म्हणता, वैनी, ॲसिड आसा ह्यां, भियातास कित्याक, तुमच्या सैपाकघरात पण आसा. मी म्हटलंय, खंय? तर म्हणता, जां जां आंबट तां सगळां ॲसिडच. लिंबू, चिंच, तुमच्या सासूचां कोकमाचां आगळ.

ताय, आमची सासू वाडयेत पयल्या नंबराचां आगळ करता. रातांबे फोडून मिठात घालता, रस सुटलो की गाळून बरण्येत भरता, आणि ती बरणी देवापेक्षा जास्त जपता. आणि रोज जेवच्या आधी तेत बोट बुडवन अक्षदाच्या तोंडात घालता. पोट साफ रवता म्हणान. चौदा म्हयन्याचां चेडू माझां. आत्ता खंय चार दात इलेत.

धोंडूच्या बोलण्यार मी इश्वास ठेवूक नाय. सोता करून बघलंय. तिसऱ्यांचां सुक्कां केल्यार शिंपये पडतत, तेतली एक घेवन वाटयेत आगळात बुडवलंय आणि फळयेर डब्याच्या पाठी लपवलंय. वायच वेळान बघतंय तर शिंपयेर बारीक बारीक बुडबुडे. सकाळी काढलंय तर वरसून मऊ झालेली, नखान खरवडली तर पीठ पडाक लागलां. तिसऱ्येची शिंपी ताय, जिका आपण दगडार आपटतो. तिका आगळान खाल्ल्यान, तर चार दातांची काय कथा? आणि पोटाची?

सासूक शिंपी दाखवलंय. ती म्हणाली, "तुझ्या घोवाक ह्याच बोटान वाढवलंय. जा तेचे दात बघ. जाळ्याची दोरी दातान तोडता." ह्यां खराच आसा. पण निलेश गोव्याच्या ट्रॉलरार, दात दाखवूक हंय कोण आसा.

आता सासू बोट बुडवूक लागली की मी चेडू घेवन पाठल्यादारी पळतंय. ती वाडयेत सांगत सुटली आसा, सून पिशी झाली, इन्सुलीक माहेराक धाडूया, चेडू हंय माझ्याकडे रवांदे. ताय, ती बोलता तां करता. माका धाडली आणि अक्षदाक ठेवन घेतली तर मी काय करू? बिगीन लिव. धोंडूच्या बाटल्येतलां आणि आमच्या बरण्येतलां एकच काय?

तुझी
किशोरी

---

ओरोस, ९ मे २००४

किशोरी,

तुझं पत्र मी यांना वाचून दाखवलं, ती चूक झाली. यांनी ते ऑफिसात सांगितलं. आता शेजारच्या क्वार्टरमधल्या बायका मला भेटल्या की आधी दात झाकतात.

पण खरं सांगू, शिंपी आंबटात बुडवायचा प्रयोग माझ्या नववीच्या पुस्तकात आहे. दर वर्षी मी मुलांना घरून शिंपल्या आणायला सांगते आणि दर वर्षी सगळी विसरतात. तू कुणी न सांगता केलास. तेव्हा नीट सांगते, नीट वाच.

प्रत्येक ॲसिडात हायड्रोजन नावाचा एक बारकासा कण असतो, बाकीच्या मोठ्या अंगाला बांधलेला. किरणपाणीच्या तरीच्या धक्क्यावर मोठ्या होडीच्या पाठी छोटी पाती बांधून ठेवतात ना, तसा. ओहोटी असली, खाली नुसता चिखल असला, की गाठ घट्ट असो की सैल, पाती हलत नाही. म्हणून कोरडं ॲसिड गप्प बसतं. लिंबूसत्वाचे कोरडे खडे कोरड्या सोड्यात मिसळून ठेव, काही होणार नाही. भरती आली की मात्र पाणी पातीला ओढायला लागतं, आपल्या पाठीला बांधून न्यायला बघतं. मग गाठ कशी मारलीय त्यावर सगळं.

धोंडूच्या ॲसिडाची गाठ अशी की पाणी लागलं की एकूण एक पाती सुटते. आणि मोकाट पाती काय करते तुला माहीत आहे, जे समोर येईल त्यावर जाऊन आपटते. आगळातली गाठ चिवट. शंभरात एखाद-दुसरी सुटते, त्यातलीही एखादी परत येऊन बांधून घेते. म्हणून एकानं संडास धुतात आणि दुसऱ्याची कढी करून भातावर घेतात. घराणं एक, वागणूक वेगळी.

दातांबद्दल तू म्हणतेस त्यात मात्र तथ्य आहे. रोज आंबट लागणं दाताला बरं नाही. म्हणून आगळाचं बोट झालं की दोन चमचे पाणी पाज. विषय संपला. सासूपासून पळत राहू नकोस.

भ्यायचंच असेल तर धोंडूच्या बाटलीला भी. ती घरात राहिली असेल तर परत दे. सांडलं कधी तर लांबूनच वर खायचा सोडा टाक. सोडा त्या मोकाट पात्या धरून घेतो, फेस येतो आणि गप्प होतं. कुठलंही ॲसिड असो, सोड्यापुढे त्याचं काही चालत नाही.

अक्षदाला गोड पापा.

तुझी
वर्षाताय

---

आरोंदा, १४ मे २००४

वर्षाताय,

तुझां पत्र पावलां. पात्येचां बरोब्बर समाजलां, सायन्स इतक्या सोपां आसा तर शाळेत पोरां नापास कित्या होतत? धोंडूची बाटली तेच्या दारात नेवन ठेवलंय.

पण ताय, तू लिवलंस शंभरात एखाद-दुसरी सुटता. माका तेच्यानच झोप नाय. ती एखाद-दुसरी माझ्या चेडवाच्याच पोटात गेली तर? मगे तूच लिवलंस, कुठलांय ॲसिड असांदे, सोड्यापुढे तेचां काय चालणा नाय. मी म्हटलंय, सुटलेली तेवढी धरून टाकूया. सासूक कळाचां नाय, बोट बुडवांदे तिका व्हया तितक्यांदा.

काल सासू आणि शेजारची गंगूमावशी मासळी घेवन बाजाराक गेली. दोघी एकाच पाट्यार मासळी मांडून बसतत, माझ्या घोवाच्या जन्माआधीपासून. मी बरण्येचां झाकण काढलंय, चमचोभर सोडो टाकलंय. फसफसलां. बरां वाटलां, म्हटलंय धरली. दुसरो चमचो टाकलंय. तरी फसफसलां. तिसरो, चौथो. तू एखाद-दुसरी म्हणालंस, पण हंय ती संपनतच नाय. मी म्हटलंय आता अर्ध्यार सोडूक भागाचां नाय. सोड्याचो पुडो होतो, तो सगळो उपडो केलो. फेस इलो तो बरण्येभायर, फळयेरसून खाली, माझ्या पायार. अक्षदा टाळये पिटता.

फेस बसलो आणि बघतंय तर ताय, आगळ निळां. निळां म्हणजे काळां-निळां, दौतीतल्या शायसारख्यां. लाल म्हणान थेंब नाय.

सासू इली. बरण्येत बघल्यान. पाटार बसली. मगे म्हणाली, करणी. सकाळीच गंगू वाटीभर आगळ मागूक इली होती, बरण्येत वाकान म्हणाली होती, "तुळशे, काय रंग इलो गो." सासू म्हणता त्याच टायमाक नजर लागली. इतकी वर्सां बाजूक बसान जळत होती म्हणता.

मी थंयच उभी. माझ्या पायार फेस सुकलेलो. सांगूक तोंड उघडलंय आणि इन्सुलीची एस्टी दिसाक लागली डोळ्यासमोर, मी आत आणि अक्षदा भायर. तोंड मिटलंय.

उद्या सासू देवळात कौल लावूक जातली. देव सांगतलो कोणी केलां तां. ताय, तां परत लाल कसां करूचां? पत्र मिळताच लिव.

किशोरी

---

ओरोस, १९ मे २००४

गो पिशे, तुका मी आगळात सोडो घाल म्हणान खंय लिवलंय?

राग आला की मी मालवणीत जाते, सोड. आणि पत्र काढून परत वाचलं तर "कुठलंही ॲसिड असो" हे माझंच अक्षर. माझ्या वर्गातली मुलं मी सांगितलेलं कधीच करत नाहीत, त्यामुळे कुणी खरोखर करील याची सवय राहिली नाही.

फेस थांबेना तो का, सांगते. सुटलेल्या पात्या थोड्याच होत्या, हे खरं. पण सोड्यानं त्या धरल्या की त्यांची जागा रिकामी होते, मग बांधलेल्यांपैकी आणखी काही सुटतात. त्याही सोडा धरतो. पुन्हा काही सुटतात. चिवट गाठीचं ॲसिड सगळं एकदम सोडत नाही एवढंच, पण कुणी धरायला बसलंच तर शेवटची पाती सुटेपर्यंत देत राहतं. तू सबंध बरणी सोडवलीस.

आणि निळं झालं यात भुताखेताचं काही नाही. रातांब्याचा रंगच तसा आहे. आंबट असलं की लाल, आंबटपणा गेला की निळा. आम्ही शाळेत हे बघायला कागदाच्या पट्ट्या विकत मागवतो, तुझ्या सासूच्या फळीवर ते बरणीभर आहे. परत आंबट घातलंस तर परत लाल होईल.

पण घालू नकोस. रंग येईल, चव येणार नाही. सोड्याचा खारटपणा तसाच राहील, औषधासारखं लागेल. आणि आता हा प्रश्न आगळाचा राहिलेला नाही, गंगूमावशीचा झालाय. सासूला सरळ सांग. कौलाच्या आधी सांगता आलं असतं तर बरं होतं, पण पोस्टमन आपल्या ऐकण्यातला नाही.

तुझी
वर्षाताय

---

आरोंदा, २४ मे २००४

वर्षाताय,

तुझ्या पत्रात "घालू नुको" ह्यां खालच्या अंगाक होतां आणि "परत लाल होईल" ह्यां वर. मी वरचां वाचलंय आणि उठलंय.

आधी कौलाचां सांगतंय. गुरवान देवाच्या उजव्या-डाव्या अंगाक फुलाच्या पाकळये लावल्यान. सासून इचारल्यान, देवा, ह्यां भायल्या माणसाचां काम आसा तर उजवी दी. आणि ताय, उजवी पडली. देवान माका पाठीशी घातल्यान की माझी परीक्षा बघल्यान, माका कळणा नाय. गुरवान गाऱ्हाणां घातल्यान, सासूक सांगल्यान नारळ ठेव, सात दिसांत उतार पडात.

सातव्या दिसा सासू नारळ घेवन गेली आणि मी पाठल्यादारचे पाटीभर रातांबे पिळून रस बरण्येत वतलंय. वायच फसफसलां, मगे निळ्याचां जांभळां, जांभळ्याचां लाल. पयल्यासारख्यां लख्ख नाय, मळकां, पण लाल.

सासू इली, झाकण काढल्यान आणि मटकन खाली बसान हात जोडल्यान. अर्ध्या तासात वाडी अंगणात. सगळे बरण्येक नमस्कार करतत. सासून तां आगळ तीर्थ म्हणान सगळ्यांच्या हातार दिल्यान. ताय, मी कोनशाक उभी रवान एकेकाचां तोंड बघतंय. चव कशी आसा तां माका ठावक होतां, बोट लावन बघल्लंय, पोट दुखताना डाक्टर देता तां औषध. पण तीर्थ थुकतलो कोण? डोळे मिटान गिळल्यानी आणि म्हणाक लागले, कसां गोड झालां.

दुसऱ्या दिसा सगळ्या वाडयेची पोटां धुवन निघाली. सासून संडासातले कांदे काढल्यान आणि पयल्यांदा तेत गेली. भायर येवन म्हणता, देवान आतली पण घाण काढल्यान.

मी हसलंय असतंय ताय. पण आता गाऱ्हाणां लागू पडलां म्हणजे गंगूमावशीच खरी गुन्हेगार. तिका तीर्थाक कोणी बोलवूक नाय. बाजारात सासून पाटो वेगळो केल्यान. मावशी दुसऱ्या टोकाक बसता, तिच्याकडे गिऱ्हाइक वळणा नाय.

काल ती पाठल्यादारी इली. अक्षदा रांगत तिच्या पायाकडे गेली. ह्याच मावशेन तिका न्हाणी घातल्यान, पयल्या म्हयन्यात मी हात लावूक भियायचंय तेवा. मावशेन हात खाली नेल्यान आणि परत वर घेतल्यान. म्हणाली, "नुको. उचलूक भिया वाटता. किशोरी, माझी नजर इतकी वायट आसा काय गो?"

मी काय बोललंय इचार. मी म्हटलंय, मावशे, च्याय घेतंस? तेवढांच माझ्या तोंडातसून इलां.

ताय, तू शिकलेली. तू सासूक पत्र घाल, पात्येचां, रंगाचां सगळां लिव, आणि माझां नाव येवच्या नाय असां लिव. सोडो आपोआप पडलो म्हणान लिव. उंदरान पाडल्यान असां पण चलात.

किशोरी

---

ओरोस, २८ मे २००४

किशोरी,

उंदरावर पत्र मी लिहिणार नाही.

मी लिहिलं तर तुझी सासू म्हणेल, ओरोसची बाय पुस्तकातलं बोलता. ती माझं ऐकून गंगूमावशीचा पाटा परत जोडील असं तुला वाटतं का? ते तुझ्याच तोंडून यायला हवं. तू शिंपीवर विश्वास ठेवलास तो डोळ्यांनी बघून. सासूलाही दाखव. वाटीत आगळ, चिमूट सोडा, अर्धं लिंबू. लहान पोरालाही कळतं.

इन्सुलीला पाठवलंच तर मी आणि हे दुसऱ्या दिवशी इन्सुलीत असू, आणि तिथून तिघं मिळून अक्षदाला आणायला आरोंद्याला. हे ऑफिसात साधी रजा मागायला घाबरतात, पण यासाठी घेतील. मी विचारून ठेवलंय.

चहा मावशीनं घेतला का?

वर्षाताय

---

आरोंदा, १३ जून २००४

वर्षाक तुळसाबायचो आशीर्वाद.

मी सांगतंय आणि किशोरी लिवता. बरोबर लिवता काय नाय तां माका कळाचां नाय, पण मी तिच्या हाताकडे बघतंय. हात थांबलो की समाजतंय कायतरी गाळता.

तर तुका कळांदे. तुझी भैण बाजारात इली. ही, जी दुकानात मीठ मागूक पण माका पुढे करता. कडेर चेडू, हातात वाटी. मी समाजलंय माका जेवण घेवन इली. ती माझ्याकडे येवकच नाय. गेली ती सरळ गंगूच्या पाटयेसमोर आणि थंयसून माका म्हणाली, "आये, आगळात सोडो मी घातलंय. चेडवाच्या पोटाक भियान घातलंय. गंगूमावशेचां तेत काय नाय." सगळ्या बाजारान आयकल्यान. बांगडे साफ करणाऱ्या बायांचे हात थांबले.

मगे खाली बसली आणि वाटयेत सोडो टाकल्यान. निळां. लिंबू पिळल्यान. लाल. बायो म्हणाक लागल्यो, परत कर गो, परत कर. लिंबां संपली, मगे कोणीतरी आपल्या पाटयेतली काढून दिली. मासळी तशीच पडलेली.

माका राग इलो. खोटां कित्याक सांगू. मी देवाच्या नावान वाडयेक सोडो पाजलंय आणि ही चार माणसांत सांगता. मी म्हटलंय, घराक जा, गाठोडां बांध, सांजेची एस्टी आसा. चेडू हंय दी. ही मुकाट उठली. चेडू माझ्याकडे दिल्यान नाय पण. असां घट्ट धरल्यान की चेडू रडाक लागलां.

तेवा गंगू उठली. म्हणाली, "तुळशे, धाडतंस तर माझ्याकडे धाड. भियाता ती, पण माझ्यासाठी बाजारात उभी रवली. तुया इतकी वर्सां माझ्या बाजूक बसान एकदा तरी कौलाआधी माका इचारलंस?"

वर्षा, ह्येचां उत्तर तुझ्या पुस्तकात असलां तर कळव.

मी पाटी उचललंय आणि गंगूच्या बाजूक नेवन ठेवलंय. ती सरकाक नाय. मगे वायच सरकली. किशोरी उभीच, एस्टीची वाट बघल्यासारखी. मी म्हटलंय, उभी काय रवलंस, घराक जावन भात ठेव.

निलेश परवा इलो, आता बोटी बंद. तेका सगळां सांगलां तर तो हसान हसान पडलो. तेका म्हटलंय, हसा नुको, तुझ्या बायलेक मी धाडूक निघाल्लंय. मगे हसूचो थांबलो.

देवळात जावन गुरवाक पण सांगलंय. तो म्हणता, पाकळी उजवीच पडली होती, सून भायल्याच घरसून इली ना? तेच्याशी कोण वाद घालीत.

आगळ सगळां वतून टाकलंय. नवीन घातलंय, रातांबे गंगून दिल्यान. आता अक्षदाच्या तोंडात बोट ही सोता घालता, माका घालूक दिना नाय. बोट बुडवता, झटकता, मगे परत पुसता, आणि जां काय उरता तां चेडवाक. वर वाटीभर पाणी. माझ्या झिलाच्या टायमाक असली सून असती तर तेचे दात अजून बरे असते.

आणखी एक लिव म्हटलंय. आमची सून भित्री आसा, पण तिका आता मी खंय धाडणंय नाय.

बघ, हात थांबलो हिचो. लिव गो.

(ताय, ह्यां मी माझां लिवतंय. हंय थांबलंय कारण डोळ्यांत पाणी इलां. आये म्हणता, कागद भिजवू नुको, परत नवीन आणूक मी दुकानात जाणंय नाय, तूच जा.)